वाचनाची वीस मिनिटं आणि न मागितलेला हिशेब : फिजीतल्या बारा शाळांचं प्रकरण

मुलं वाचत नाहीत, ही तक्रार इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यावरची उत्तरंही आता पाठ झाली आहेत. मोबाइल काढून घ्या, आईवडिलांनी स्वतः वाचावं, शाळेनं स्पर्धा घ्यावी, सगळ्यांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस द्यावं. शिक्षण परिषदेत हा विषय निघाला की तासभर चर्चा होते आणि चहानंतर सगळे पुढच्या विषयाकडे वळतात. यांतलं कोणतं उत्तर खरोखर लागू पडतं, हे नीट तपासून पाहिल्याची उदाहरणं थोडीच आहेत. त्यांतलं मला सगळ्यांत मोलाचं वाटणारं उदाहरण आपल्यापासून खूप लांबचं आहे. १९८० च्या सुमारास फिजी बेटांवरच्या बारा खेडेगावच्या शाळांत ते घडलं. ते इथे सविस्तर मांडते आहे, कारण त्या शाळांची अडचण आणि आपल्या जिल्हा परिषद शाळांची, आश्रमशाळांची अडचण यांत मला फारसा फरक दिसत नाही.

शाळा कशा होत्या

फिजी १९७० साली ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाला. देश तीनशेहून जास्त बेटांचा, वस्ती त्यांतल्या शंभरेक बेटांवर. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर, म्हणजे कराराच्या मजुरीवर, नेलेले साठ हजारांवर भारतीय मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांत राबले आणि त्यांतले बरेच तिथेच स्थायिक झाले. त्यामुळे आपण ज्या काळाबद्दल बोलतो आहोत, तेव्हा देशातली जवळपास निम्मी माणसं भारतीय वंशाची होती. मुलाच्या घरात एक तर फिजीयन भाषा, नाही तर फिजी हिंदी. शाळेत पहिली तीन वर्षं शिकवणं मातृभाषेतून आणि इंग्रजी हा एक विषय. चौथीपासून मात्र सगळंच इंग्रजीतून. नऊ वर्षांचं मूल तिसरी पास होऊन चौथीत बसलं की गणितापासून समाजशास्त्रापर्यंत सगळं परक्या भाषेत समोर येई. आपल्याकडे सेमी-इंग्रजीच्या वर्गात हेच होतं. मेळघाटातल्या कोरकू मुलाचं तर मराठीच्या पहिल्या पुस्तकासमोरच हे होतं.

इंग्रजी शिकवायची तिथली रूढ पद्धत तोंडी कवायतीची होती. टेट अभ्यासक्रम म्हणून ती ओळखली जायची. शिक्षकानं एक वाक्य म्हणायचं, वर्गानं ते एका सुरात म्हणायचं, मग त्यातला एक शब्द बदलायचा आणि पुन्हा म्हणायचं. शब्द मोजूनमापून दिलेले, वाक्यरचना पायरीपायरीनं अवघड होत जाणाऱ्या. वाचनावर भर फार कमी, आणि जे वाचायचं तेही त्याच मोजक्या शब्दांतलं. मुलाची चूक होऊ नये, याची त्यात सगळी काळजी घेतलेली होती. पुढे काय झालं हे कळण्यासाठी पान उलटावंसं वाटेल, असं मात्र त्यात काही नव्हतं. ही पद्धत आखणारे काही निष्काळजी नव्हते. पुस्तकं नाहीत, शिक्षकाचं स्वतःचं इंग्रजी जेमतेम, अशा ठिकाणी निदान इतकं तरी पक्कं व्हावं, हा हेतू होता.

न्यूझीलंडचे संशोधक वॉरविक एली आणि साउथ पॅसिफिक विद्यापीठातले फ्रान्सिस मंगुभाई यांनी सत्तरच्या दशकात तिथल्या मुलांच्या वाचनाची पाहणी केली होती. तिच्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. ज्या शाळांत चारशेहून जास्त पुस्तकांचं ग्रंथालय होतं, त्या शाळांची मुलं वाचनात सातत्यानं पुढे होती. आता यावरून लगेच निष्कर्ष काढता येत नाही. पुस्तकं असलेली शाळा बहुधा जरा बऱ्या स्थितीतली असते, तिथले पालक शिकलेले असतात, म्हणून मुलं पुढे असतील, अशी शंका कुणीही घेईल. ती शंका फेडायची तर एकच मार्ग होता. ज्या शाळांत पुस्तकं जवळपास नाहीतच, तिथे ती न्यायची आणि काय होतं ते पाहायचं.

काय केलं

ग्रामीण भागातल्या आठ शाळा निवडल्या. चौथी-पाचवीची ३८० मुलं आणि १६ शिक्षक. प्रत्येक वर्गात इंग्रजी गोष्टींची २५० सचित्र पुस्तकं दिली. २५० हा आकडा शाळेमागे नव्हता, वर्गामागे होता. आणखी चार शाळांतल्या २३४ मुलांचा गट नेहमीच्याच पद्धतीनं शिकत राहिला, म्हणजे तुलना करायला आधार राहील. पुस्तकं निवडताना कसोटी एकच होती, मुलाला गोष्ट आवडली पाहिजे. शब्दांची काठिण्यपातळी हा त्यानंतरचा विचार. वाचन रोज, साधारण वीस ते तीस मिनिटं.

पुस्तकांचं करायचं काय, याच्या दोन रीती ठरवल्या होत्या आणि शिक्षकांना त्यांचं थोडं प्रशिक्षण दिलं होतं. काही वर्गांत एक, काही वर्गांत दुसरी. या दोन रीतींवर जरा थांबायला हवं, कारण या प्रकरणातलं शिकण्यासारखं बरंचसं इथेच आहे.

पहिली रीत मूकवाचनाची. पुस्तकं मुलांच्या नजरेसमोर, हाताला लागतील अशी मांडून ठेवायची. शिक्षकानं अधूनमधून वर्गाला एखादी गोष्ट वाचून दाखवायची, म्हणजे वाचनाची भूक लागते. मग रोजच्या ठरलेल्या वेळी प्रत्येकानं आपल्याला हवं ते पुस्तक घेऊन आपलं आपण वाचायचं. शिक्षकानंही त्या वेळी वह्या तपासायच्या नाहीत, हजेरी भरायची नाही. स्वतः पुस्तक घेऊन वाचत बसायचं. आणि वाचून झाल्यावर काही नाही. प्रश्नोत्तरं नाहीत, सारांश नाही, कठीण शब्दांचे अर्थ वहीत उतरवणं नाही, किती पानं झाली याची नोंद नाही. पुस्तक नाही आवडलं तर ठेवून दुसरं घ्यायचं.

आपल्या शाळांत हे किती अवघड आहे, ते शिक्षकांनाच विचारा. वर्गात वीस मिनिटं शांतता आणि बाई स्वतः खुर्चीत बसून वाचताहेत, हे दारातून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला अध्यापन वाटत नाही. म्हणून बाई उठतात, एकदोघांना विचारतात, "काय वाचलंस, सांग बघू." झालं, त्या क्षणी तो पुन्हा अभ्यासाचा तास होतो. बाईंचा दोष नाही. वाचून घेतल्याचा पुरावा त्यांच्याकडेही कुणी तरी मागणार असतो.

दुसरी रीत शिक्षक आणि मुलांनी मिळून एकच गोष्ट वाचायची. न्यूझीलंडमधल्या डॉन होल्डवे यांनी ती घडवली होती. लहान मूल आईच्या मांडीवर बसून चित्रांचं पुस्तक पाहतं, तेव्हा अक्षर, चित्र आणि आवाज एकाच वेळी त्याच्यापर्यंत पोचतात; तोच लाभ चाळीस मुलांच्या वर्गाला कसा मिळेल, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी काढलेला मार्ग साधा आहे. पुस्तकच इतकं मोठं करायचं की शेवटच्या रांगेतल्या मुलाला अक्षरं दिसतील. छापील मोठं पुस्तक नसेल तर शिक्षक मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत गोष्ट उतरवून घेतात.

असा तास कसा चालतो, ते आपल्या वर्गात कल्पून पाहू. समजा गोष्ट एका बोकडाची आहे. त्याला ओढा ओलांडायची भीती वाटते. बाई पहिलं पान उलटत नाहीत. मुखपृष्ठावरचा बोकड दाखवून विचारतात, हा असा का उभा आहे? कुणी म्हणतं पाण्याला भितो, कुणी म्हणतं पलीकडे वाघ असेल, कुणाच्या घरच्या शेळीची हकिकत निघते. मग बाई गोष्ट वाचतात, ओळीखालून बोट किंवा छडी फिरवत, आवाजात चढउतार आणत, मध्ये न थांबता शेवटपर्यंत. पहिल्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा. आता "नाही म्हणजे नाही, पाण्यात जाणार नाही" हे बोकडाचं पालुपद वर्ग आपोआप म्हणू लागतो. तिसऱ्या दिवशी ज्यांना वाचता येत नाही तीही मुलं पालुपदाची ओळ ओळखतात, कारण ती कुठे येते हे त्यांना ठाऊक झालेलं असतं. मग चित्रं काढणं, गोष्टीचं नाटक करणं, आपल्या मनानं शेवट बदलणं, बदललेल्या गोष्टीचं मुलांनीच मोठं पुस्तक करणं. आठवड्याच्या शेवटी छोटी प्रत फळीवर ठेवली की तिच्यावर उड्या पडतात, कारण हे पुस्तक आपल्याला वाचता येतं, याची मुलाला आधीच खात्री असते.

ही खात्री फार महत्त्वाची. वाचनाचा कंटाळा करणाऱ्या मुलांपैकी कितीतरी मुलं खरं तर वाचायला घाबरत असतात. चारचौघांत अडखळलो तर हसतील, ही भीती. ओळखीच्या गोष्टीत अडखळायला होत नाही.

आठ महिन्यांनंतर

निकाल थोडक्यात असा. पुस्तकं मिळालेल्या वर्गांतल्या मुलांची वाचन आणि श्रवण आकलनातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगानं झाली होती. मूकवाचन आणि एकत्र वाचन, दोन्ही रीतींच्या वर्गांनी कवायतीच्या वर्गांना मागे टाकलं. वीस महिन्यांनंतर पुन्हा मोजलं, तर हे अंतर आणखी वाढलं होतं आणि लाभ भाषेच्या इतर अंगांतही उतरले होते. एली आणि मंगुभाई यांनी १९८१ साली प्रयोगाचा अहवाल काढला आणि १९८३ साली तो वाचनशास्त्राच्या एका नामांकित संशोधनपत्रिकेत आला. पुढे सिंगापूरनं १९८५ पासून आपल्या प्राथमिक शाळांच्या इंग्रजीत याच धर्तीचा कार्यक्रम आणला.

वाक्यांच्या तोंडी कवायतीवर सगळा भर देणाऱ्या वर्गांपेक्षा गोष्टी वाचणारी मुलं पुढे जावीत, यात मला या प्रकरणाचा गाभा दिसतो. पालकांना आणि मुख्याध्यापकांना ज्या गुणांची काळजी असते ते गुण इथे वाढले, आणि ते वाढले गुणांचा विषयच न काढता घालवलेल्या वेळात.

असं का झालं असेल? दोघा संशोधकांनी त्याची मांडणी अशी केली आहे. मूल घरची भाषा शिकतं आणि शाळेत दुसरी भाषा शिकतं, यांत पाच बाबतींत तफावत असते. घरच्या भाषेची गरज जिवाची असते, शाळेतल्या भाषेची नसते. घरी लक्ष अर्थाकडे असतं, शाळेत वाक्याच्या ठेवणीकडे. घरी भाषा दिवसभर कानांवर पडते, शाळेत तासाभरापुरती. घरची भाषा प्रसंगातून येते, शाळेतली सरावासाठी रचलेली. आणि पाचवं म्हणजे नमुना. घरी भाषा अस्खलित बोलणारी माणसं असतात, शाळेत शिक्षक स्वतःच चाचपडत असतो. मनाजोगत्या गोष्टींचं पुस्तक ही पाचही अंतरं थोडी थोडी कमी करतं. बोकड ओढ्यात पडला की नाही, हे कळण्याची निकड खरी असते. मूल त्यासाठी वाचतं, भाषा सोबत येते.

पाचव्या मुद्द्याबद्दल थोडं अधिक. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. तेव्हापासून प्राथमिक शिक्षकांच्या इंग्रजीवर भरपूर टीका झाली, प्रशिक्षणं झाली. पण शिक्षकाचं इंग्रजी कच्चं असतानाही मुलांपर्यंत चांगलं इंग्रजी पोचवायची वाट फिजीतल्या खेड्यांनी दाखवली होती, ती पुस्तकाची. मराठीलाही हे तितकंच लागू आहे. ज्या वस्तीवर घरात गोंडी, भिली किंवा कोरकू बोलतात, तिथे मुलाला भरपूर आणि रसाळ मराठी भेटण्याची जागा गोष्टीचं पुस्तक हीच आहे.

जिथे हे जमलं नाही

एवढ्यावर थांबलं तर वाचणाऱ्याला वाटेल, पुस्तकं वाटली की काम झालं. तसं नाही, आणि याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. कर्नाटकात अक्षरा फाउंडेशननं सरकारी शाळांमध्ये ग्रंथालयाचा उपक्रम चालवला होता. काही अर्थतज्ज्ञांनी त्याचं चिठ्ठ्या टाकून शाळा निवडण्याच्या काटेकोर रीतीनं मूल्यमापन केलं आणि २०१२ साली निष्कर्ष मांडले. सोळा महिन्यांनंतर घेतलेल्या भाषेच्या चाचणीत ग्रंथालय असलेल्या आणि नसलेल्या शाळांच्या मुलांत जवळजवळ काहीच फरक आढळला नाही. संस्थेची तळमळ खरी, पुस्तकं खरी, मेहनत खरी, आणि तरीही हा निकाल. मला तो फार मोलाचा वाटतो.

याच्याशेजारी फिलिपिन्सचं उदाहरण ठेवून पाहा. तार्लाक प्रांतातल्या शंभर शाळांत चौथीच्या वर्गांना गोष्टींची पुस्तकं दिली, शिक्षकांना ती कशी वापरायची ते शिकवलं आणि ३१ दिवस वर्गात वाचनाचा सोहळाच मांडला. मुलांचं वाचनकौशल्य ०.१३ प्रमाण विचलनानं सुधारलं (मुलामुलांच्या गुणांत एरवी जेवढा फरक असतो, त्याच्या मापानं मोजलेली ही सुधारणा). मुलं घरीही आपणहून जास्त वाचू लागली. पण सोहळा संपल्यावर वर्गातला वाचनावरचा भर ओसरला, आणि तीन महिन्यांनी तपासलं तर सुधारणा ०.०६ वर, म्हणजे निम्म्यावर आली होती.

तिन्ही एकत्र पाहिली की माझ्या मनात काही शंका उरत नाही. नुसती पुस्तकं पुरत नाहीत. महिनाभराचा उत्साहही टिकत नाही. फिजीत फरक पडला, कारण पुस्तकं वर्गात होती, शिक्षक त्यांत सामील होता आणि वाचनाचा वेळ वेळापत्रकात रोजचा होता, वर्षभर.

आणखी एक आक्षेप आहे तोही सांगायला हवा. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलनं २००० साली म्हटलं की वर्गात मूकवाचनाला वेळ दिल्यानं वाचन सुधारतं, याला पुरेसा पुरावा मिळत नाही. हा आक्षेप हलका नाही. पण अमेरिकी मुलाच्या अवतीभवती छापील मजकूर मुबलक असतो; वर्गातली वीस मिनिटं त्यात थोडीशीच भर घालतात. फिजीच्या खेड्यातल्या मुलासाठी ती वीस मिनिटं हेच जवळपास सगळं वाचन होतं. आपलं खेडं यांतल्या कोणत्या टोकाजवळ आहे, हे वेगळं सांगायला नको.

शिवाय ज्याला अक्षरं जुळवताच येत नाहीत, त्या मुलाच्या हातात पुस्तक देऊन 'वाच गप्प' म्हणणं ही शिक्षाच आहे. २०२४ च्या असर अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतली सुमारे २७ टक्के मुलंच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. पाचवीतही हे प्रमाण निम्म्याहून किंचित कमीच आहे. अशा वर्गात सुरुवात एकत्र वाचनानंच करायला हवी, मूकवाचन नंतर. एकत्र वाचन वाचता येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलाला एकाच गोष्टीत शेजारी बसवतं. पालघर जिल्ह्यात काम करणाऱ्या क्वेस्ट संस्थेचा 'गोष्टरंग' हा उपक्रम याच दिशेचा आहे. तरुण कलाकार आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी रंगमंचीय अंगानं सादर करतात आणि मुलं त्या गोष्टींच्या ओढीनं पुस्तकांकडे येतात.

आपल्या कपाटाला कुलूप का असतं

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत. समग्र शिक्षा अभियानातून शाळेच्या प्रकारानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. पुस्तकं येतात. मी ज्या शाळांमध्ये जाते त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ती आहेत, आणि चांगलीही आहेत. ती मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असतात. किल्ली ड्रॉवरमध्ये. एका शाळेत सुतळीनं बांधलेला गठ्ठा तसाच होता. वरच्या पुस्तकावर सुतळीचा वळ उमटला होता आणि आतल्या पुस्तकांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. शेजारच्या नोंदवहीत मात्र प्रत्येक पुस्तकाचं नाव, किंमत आणि दाखल क्रमांक सुवाच्य अक्षरांत लिहिलेला.

हे कपाट बंद ठेवणारे गुरुजी आळशी नव्हते, उलट अतिशय काटेकोर. बदली झाली की चार्ज देताना यादीप्रमाणे एकेक वस्तू मोजून द्यावी लागते. पुस्तक कमी भरलं तर खुलासा, नाही तर स्वतःच्या खिशातून भरपाई. लेखापरीक्षणात फाटलेलं पुस्तक हा मुद्दा होऊ शकतो; न वाचलेलं पुस्तक हा मुद्दा कधीच होत नाही. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कुलूपच लावणार. मुलांमध्ये वाचनाची आवड नाही, असं आपण म्हणतो तेव्हा या कुलपाचा विचार आपण करत नाही.

वर्षातून एकदा मात्र कपाट उघडतं. १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. या दिवसाविषयी मला आदर आहे; एरवी पुस्तकाला हात न लावलेली मुलं त्या दिवशी का होईना, पुस्तक हाताळतात. पण फिलिपिन्समध्ये ३१ दिवसांचा परिणाम तीन महिन्यांत निम्म्यावर आला. एका दिवसाकडून आपण किती अपेक्षा ठेवायची?

बक्षिसांबद्दलही फिजीच्या शाळा काही सांगतात. तिथल्या मूकवाचनात किती वाचलं याची मोजदादच नव्हती. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालशाळेत एक प्रयोग झाला होता. ज्या मुलांना मुळातच रंगीत पेननं चित्रं काढायला आवडत होतं, त्यांतल्या काहींना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधी सांगितलं. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं, तर आधी आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. वाचनाला हे जसंच्या तसं लावता येईल असा माझा दावा नाही, ज्या मुलाला वाचनाची चवच माहीत नाही त्याची गोष्ट वेगळी असू शकते. तरी 'महिन्यात वीस पुस्तकं वाचणाऱ्याला पदक' असा फलक लावण्याआधी शिक्षकांनी हा प्रयोग मनात आणावा. अशा स्पर्धेत मुलं पातळ पुस्तकं शोधतात, हे तर आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे.

इथे काय करता येईल

फिजीसारखी वर्गामागे २५० पुस्तकं आपल्याला परवडतील का? हिशेब मांडून पाहू. चौथीपर्यंतच्या द्विशिक्षकी शाळेला वर्षाचे ५,००० रुपये मिळाले आणि मुलांचं एक सचित्र पुस्तक सरासरी ५० रुपयांना धरलं, तर वर्षाला शंभर पुस्तकं होतात. तिसऱ्या वर्षी शाळेत तीनशे पुस्तकं, म्हणजे प्रत्येक शिक्षकाच्या वर्गाला दीडशे. दर तिमाहीला दोन वर्गांनी पुस्तकं अदलाबदल केली तर प्रत्येक मुलापुढून तीनशेही जातील. त्यात बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंकही तितकेच वाचनीय आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य आहेत. त्यांतली एखादी मोठ्या कागदावर उतरवली की मोठं पुस्तक तयार. पैशांची अडचण आहे, पण ती पहिली अडचण नाही.

पहिली अडचण फाटलेल्या पुस्तकाची आहे. हाताळलेली पुस्तकं फाटतात आणि काही हरवतात. ग्रंथालय वापरात असेल तर असं होणारच. त्यासाठी शासकीय व्यवहारात निर्लेखनाची, म्हणजे अशा वस्तू नोंदवहीतून रीतसर वजा करण्याची, सोय असते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दरवर्षी जीर्ण आणि गहाळ पुस्तकांची यादी ठेवून ठराव करून घ्यावा, आणि केंद्रप्रमुखांनी त्या यादीकडे संशयानं पाहू नये. हे काम कागदोपत्री आणि रुक्ष आहे, पण याच्याशिवाय कपाट उघडणार नाही. गोडी, संस्कार, प्रेरणा या विषयांवर कितीही व्याख्यानं झाली तरी ज्या शिक्षकाला भरपाईची धास्ती आहे, तो मुलाच्या हातात पुस्तक देताना आखडता हातच घेणार, आणि मुलाला ती धास्ती बरोबर कळते. "फाडू नको, मळवू नको, उद्या परत आण" हे पुस्तकाबद्दल ऐकलेलं पहिलं वाक्य असेल तर त्या पुस्तकाशी दोस्ती कशी व्हायची?

कपाट उघडल्यावर पुस्तकं वर्गात आणायची. फळ्या नसतील तर खिडकीच्या गजांना दोरी बांधून त्यावर पुस्तकं अर्धी उघडून अडकवली तरी चालतं. मुखपृष्ठं मुलांच्या नजरेच्या उंचीवर दिसली पाहिजेत, बाईंच्या नव्हे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी दोरी आणखी खाली.

आणि वेळ. परिपाठानंतरची किंवा मधल्या सुट्टीनंतर लगेचची वीस मिनिटं वेळापत्रकात लिहूनच टाकावीत, नाही तर पहिल्याच चाचणी परीक्षेला त्यांचा बळी जातो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रोज एकत्र वाचन, एका आठवड्यात एकच गोष्ट. मुलं पालुपदं म्हणू लागली, छोट्या प्रतीसाठी भांडू लागली, की मूकवाचन सुरू करावं, तेही आधी दहाच मिनिटं. काही मुलं नुसती चित्रं पाहतील, पाहू द्यावीत. काही तेच पुस्तक पुन्हा पुन्हा घेतील, घेऊ द्यावं. दोघं मिळून एक वाचत असतील आणि कुजबुज होत असेल तर तीही चालू द्यावी. बाईंनी आपल्या आवडीचं पुस्तक घरून आणावं आणि खरोखर वाचावं. दारात कुणी अधिकारी येऊन उभे राहिले, तर त्यांनाही दोरीवरचं एक पुस्तक देऊन खाली मुलांशेजारी बसायला सांगावं, आणि राहिलेली मिनिटं पुरी होईपर्यंत कुणीच काही विचारू नये.